साहेबाचा शब्द

अमरावतीच्या कापूस बाजारात मी एका इंग्रज व्यापाऱ्याचा दुभाषी होतो. तिथे नांदगाव खंडेश्वरचा एक गाडीवान यायचा. आभार मानणं त्याला ठाऊकच नव्हतं. चिमूटभर तंबाखू दिली तरी तो गप्प राही, आणि पुढच्या खेपेला ओल्या हरभऱ्याची पेंढी माझ्यापुढे टाकी. "तोंडानं काय फेडाचं?" म्हणे.

एकदा साहेबाची बग्गी नाल्यात रुतली. या गाडीवानानं आपले बैल जुंपून ती ओढून काढली. साहेब हसून म्हणाला, "थँक्यू! आय शॅल रिटर्न द फेवर." मी त्याला अर्थ सांगितला, साहेब तुझ्या उपकाराची परतफेड करणार. साहेब हे वाक्य पानसुपारीसारखं सगळ्यांनाच देतो, ते मात्र सांगितलं नाही. यानं गंभीरपणे मान डोलावली.

फाल्गुनात गाड्यांची रांग वेशीपर्यंत गेली. बैल तहानेनं धापा टाकत होते, आणि विहीर साहेबाच्या आवारात, फाटकाला कुलूप. हा थेट साहेबापुढे उभा राहिला.

"सायेब, तुमी बोलले होते. आज फेडा. साऱ्या बैलाईले पानी पाजू द्या."

मी भीतभीत ते इंग्रजीत सांगितलं. साहेब लालबुंद झाला. मग रांगेकडे पाहून त्यानं मुकाट्यानं किल्ली काढून दिली.

"थँक्यू, सायेब!" साऱ्या रांगेनं गर्जना केली. या गाडीवानानंच शिकवलं होतं.

"डोन्ट मेन्शन इट," साहेब पुटपुटला.

"काय म्हनते?"

"याची वाच्यता करू नको म्हणतात."

"कावून? साऱ्या वऱ्हाडात सांगीन, सायेबानं शब्द पाळला!"