मॅडमची वही आणि माझं एकच गाठोडं

मित्रहो, आज मुकुटबनकडच्या एका शाळेत गेलतो. मान खाली घालून परत आलो.

तिथल्या कॉम्प्युटरवर कोलामी भाषेत टायपिंग करायचं सॉफ्टवेअर आहे. मूळ प्रोग्राम बाहेरचे लोक बनवतात, दर आठवड्याले नवीन काढतात. त्यात शाळेतल्या मॅडमनं दिलेले कोलामी शब्द घालून पॅकेज मी बनवतो.

अशा पॅकेजचे दोन प्रकार असतात. मूळ प्रोग्राम अन् आपले बदल वेगवेगळे ठेवायचे, नाहीतर सगळं एकाच गाठोड्यात बांधायचं. मी गाठोडं बांधलं. दर आठवड्याले बदल कोण जुळवत बसन?

आज पाहतो तर मॅडम वहीतून एकेक शब्द टाइप करून राह्यल्या.

"काहून? हे तर मी मागेच टाकले."

"दर अपडेटले जातेत ना भाऊ. मले वाटलं, असंच असते."

गाठोड्यावर नवीन प्रोग्राम मीच ओतत होतो. त्यांचे शब्द पुसले जात होते, अन् मी एकदाही उघडून पाहिलं नाही.

तिथंच बसून पॅकेजचा प्रकार बदलला, त्यांचे शब्द मूळ प्रोग्रामपासून वेगळे ठेवले. म्हटलं, "मॅडम, आता वहीची गरज नाही."

"असू द्या भाऊ," म्हणाल्या, "ठेवतेच मी."

तुमच्या आळसापायी कोण वही सांभाळून राह्यलं, कधी पाहिलं का?