ऐनाच्या रानातला खातेदार

आकाश स्वच्छ निळं होतं आणि तरी पाऊस पडत होता. निदान कान तसं सांगत होते. सत्तावन्न सालच्या आश्विनातला रविवार. आरमोरीपासून चार कोसांवर, ऐनाच्या रानाच्या कडेला मी उभी होते, आणि पानापानांवर भुरभुर पडावी तसा आवाज सगळीकडून येत होता. मी हात पुढे केला. तळहात कोरडाच.

"पाणी नाई जी बाई," दगडावर बसलेली वच्छला म्हणाली. "ते जेवून राह्यले."

जेवत होते ते कोशाचे किडे. बोटाएवढे जाड, पानासारखेच हिरवे. झाडावर असे चिकटलेले की मला पहिला दिसायलाच बराच वेळ लागला. एक दिसला आणि मग एकदम शंभर दिसले. सगळं रान हळूहळू कुरतडलं जात होतं आणि त्याचा तो आवाज होता.

"इतके किडे!" मी म्हणाले.

"किडे नका म्हणू इथी," वच्छलाने जिभेला हात लावला. "कानावर पडते त्याहीच्या."

वच्छला ही लटारू धीवराची बायको. लटारूकडे आमचं काम होतं, आणि ते काम तसं सोपं नव्हतं. त्याचं बँकेतलं खातं बंद होणार होतं, हे त्याला सांगायचं होतं.

आमचे हे बँकेच्या आरमोरी शाखेचे एजंट, म्हणजे तिथले मुख्य साहेब. आम्ही नागपूरहून बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. मुख्य कचेरीतून नवा हुकूम आला होता: ज्या खातेदाराने वर्षभरात काही व्यवहार केला नाही, त्याला रजिस्टर पत्र धाडावं, त्याने स्वतः येऊन आपण हयात आहोत आणि खातं आपलंच आहे असं दाखवावं, न आल्यास खातं बंद. ह्यांनी अशी सात पत्रं लिहिली. सहाजण आले. सातवं पत्र परत आलं, तांबड्या शाईत शेरा मारून: "घेण्यास नकार." दुसरं धाडलं. तेही तसंच आलं. तिसऱ्यालाही नकार, तेव्हा हे चिडले.

"अंगठा उठवून पैसे ठेवतो आणि पत्र नाकारतो! असला कसला खातेदार!"

मी पोस्टमनला, देवाजीला, ओसरीवर बोलावून चहा दिला. हा खुलासा साहेबांच्या टेबलाशी होण्यासारखा नव्हता.

"मी तरी काय करू बाई?" देवाजी बशीत चहा ओतत म्हणाला. "तो कोशावर हाय. दुरूनच हात जोडते अन् म्हणते, भाऊ, तुमच्या हातचं मले चालत नाई. आता मी काय लिवू? नकारच तर झाला न?"

कोशावर असणं म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं. ह्या भागातले धीवर एरवी तळ्यात मासे धरतात. पण श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्यांच्यातले काहीजण रानात ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे रानरेशमाचे किडे, पाळतात. किडे झाडावर चढवले की माणसाने रान सोडायचं नाही. दाढी करायची नाही, डोक्याला तेल नाही, मासा तोंडात नाही, बायकोजवळ बसणं नाही. गावातून आलेल्या माणसाच्या हातातून काही घ्यायचं नाही. दिवसभर गोफणीने पाखरं उडवायची आणि एका झाडाची पानं सरली की डहाळीसकट किडे दुसऱ्या झाडावर न्यायचे. त्यांनी कोश विणला की नेम सुटला.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं, तशी ह्यांनी परत आलेली पत्रं बाजूला सारली. मग म्हणाले, "रविवारी जाऊन येऊ. माणूस डोळ्यांनी पाहिला तर निदान हयात आहे एवढं लिहिता येईल."

म्हणून आम्ही बैलगाडीने आलो होतो. रानाच्या तोंडाशी राखेची एक रेघ ओढलेली होती. तिच्या अलीकडे वच्छला रोज भाकरीचं गाठोडं ठेवते आणि मागे सरते; ती लांब गेली की तो येऊन उचलतो. तीन महिने दोघं असं बोलतात, मध्ये वीस हात अंतर ठेवून. "भांडाले बरं पडते," वच्छला म्हणाली. "मधे रेघ असली का मानूस दमानं भांडते."

तिने हाक घातली. बऱ्याच वेळाने झाडांतून एक माणूस आला. पायाखालचं पानही वाजलं नाही. छातीपर्यंत दाढी, जटा झालेले केस, अंगाला झाडाच्या सालीचा रंग. मला वाटलं सत्तरीचा असेल. डोळे मात्र लहान मुलासारखे उघडे, नुकतंच झोपेतून उठल्यासारखे. तो रेघेपासून चार पावलांवर थांबला.

"रामराम सायेब. उभेच राहा जी. आज मासोळी खाल्ली का?"

हे गडबडले. रविवार होता, खाल्ली होती.

"वास आला," लटारू मायेने म्हणाला. "चप्पल बी चामड्याची हाय. काई हरकत नाई, रेघेच्या त्या अंगाले सबन चालते."

ह्यांनी कागद उघडून हुकूम वाचून दाखवला. शनिवारपर्यंत बँकेत येऊन अंगठा द्यायचा, नाहीतर खातं बंद. बंद खात्यातली रक्कम मुख्य कचेरीत जाणार आणि तिथून परत मिळवायला सहा महिने तरी लागणार.

लटारूने वच्छलाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. हे ऐनाचं रान सरकारी. त्याचा पट्टा दरसाल जंगलखात्याकडून घ्यावा लागतो आणि पैसे कार्तिकी पुनवेच्या आत भरावे लागतात. ते पैसे त्या खात्यात होते. वेळेत भरले नाहीत तर पट्टा दुसऱ्याला. देसाईगंजचा एक ठेकेदार दोन वर्षं ह्या झाडांवर टपलेला होता. त्याला कोसा नको होता, लाकूड हवं होतं.

"इथेच अंगठा दे," हे म्हणाले. "शाईचा डबा आणलाय मी."

"तुमच्या हातचा डबा मी कसा घेऊ जी?"

"जमिनीवर ठेवतो. तू उचल."

लटारूने विचार केला, खरंच केला. मग मान हलवली. "शाई लागली का हात तसाच राह्यते दोन-चार दिवस. त्याच हातानं त्याहीले उचलनं हाय." त्याने दोन्ही हात मागे घेतले. "तीन सालाआधी जंगलच्या गार्डानं नाक्यावर नेलं होतं मले, जबरदस्तीनं. सांजेलेच परत आलो. चौथ्या दिवशी सबन काळे पडले. उलटे लटकले झाडाले, चिंधीवानी. एक बी नाई वाचला."

"पण लटारू, तुझा पट्टाच गेला तर पुढे किडे कुठे ठेवशील?"

"पट्टा तर पुढच्या साली लागते जी," लटारू म्हणाला. "हे तर आता जेवून राह्यले."

ह्यांनी शाईचा डबा परत पिशवीत घातला. वारा नव्हता, फक्त ते पानांवरचं भुरभुरणं. उन्हाच्या कवडशांत हिरवे जीव माना वर करून, थांबून, पुन्हा खायला लागत. त्या आवाजात उभं राहिलं की वेळ पुढे सरकतो आहे असं वाटेना.

"किती दिवस आहेत अजून?" मी विचारलं.

"दहा. लय झाले तर बारा." मग एकदम माझ्याकडे वळून तो म्हणाला, "बाई, खाता खाता एक रोज हे थांबते. सगळे एकाच रोजी. मंग रान असं चूप होते का मले माझ्याच छातीची धकधक आयकू येते. त्या रोजी मले झोप येते."

परत येताना गाडीत वच्छला आमच्याबरोबर होती. बरीच वाट सरल्यावर म्हणाली, "सायेब, त्याहीच्या बदल्यात माझा अंगठा नाई का चालत?"

"खातं त्याच्या एकट्याच्या नावाचं आहे, वच्छलाबाई."

"मानूस माझाच हाय."

"ते बँकेला माहीत नाही ना," हे कसंनुसं हसले.

घरी आल्यावर मी तो हुकूम मागून घेतला आणि कंदिलाशी बसून वाचला. घर चालवणाऱ्या बाईला कागद शेवटपर्यंत वाचायची सवय लागते. वाण्याच्या चिठ्ठीवर खरी गोष्ट नेहमी तळाशी असते. दोनदा वाचल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, खातं शनिवारी बंद करा असं आहे. रक्कम मात्र महिनाअखेरच्या टपालाने पाठवा असं लिहिलंय."

"मग?"

"मग शनिवार ते महिनाअखेर ती रक्कम कुठे असते?"

ह्यांनी कागद माझ्या हातून घेतला. "माझ्या तिजोरीत," म्हणाले. "पण तोवर त्याने स्वतः यायला हवं. तेवढ्यात त्याचे जीव जेवून उठले तर."

महिनाअखेरच्या आत या, असा निरोप मी देवाजीकडून वच्छलाला धाडला. शनिवारी संध्याकाळी हे घरी आले आणि जेवायला बसले. लेजरमधल्या लटारूच्या नावावर ह्यांनी स्वतः तांबडी रेघ मारली होती. नियमच होता, पण पानात वाढलेलं तसंच राहिलं.

त्यानंतर दिवाळी येऊन गेली. मी करंज्या तळल्या, पाहुणे आले, गेले. पण कामाच्या मधेच हात थांबायचे आणि कान त्या रानाकडे लागायचे. चार कोसांवरून काय ऐकू येणार? तरी वाटायचं, आज थांबले असतील का? आज झोपला असेल का तो? एकदा स्वप्नात मी लेजर उघडलं तर तांबड्या रेघेवरून एक हिरवा जीव चालत होता, संथपणे, पान शोधत. मी त्याला हात लावला नाही. माझ्या हाताला तेल होतं.

महिन्याच्या शेवटल्या दिवशी, टपाल बंद व्हायला तासभर उरला असताना, वच्छला धापा टाकत आमच्या घरी आली.

"बाई, चला जी बँकेत! सायेब ओळखूनच नाई राह्यले!"

मी तशीच निघाले. बँकेत ह्यांच्या टेबलासमोर एक चाळिशीचा तुळतुळीत माणूस उभा होता. डोकं भादरलेलं, हनुवटी गुळगुळीत, अंगाला तेलाचा वास, धुतलेलं धोतर.

"मी पाहिला तो म्हातारा होता," हे म्हणत होते. "हा तर त्याचा मुलगा शोभतो!"

"मीच जी लटारू. न्हाव्यानं म्हातारा काढून घेतला," तो माणूस हसून म्हणाला.

"मस्करी नको. हयात आहे म्हणून मीच वर लिहून दिलंय, ते दाढीवाल्या माणसाबद्दल."

"काऊन जी? दाढी हयात होती अन् मी नाई?"

बाकड्यावर बसलेला देवाजी फस्सकन हसला. मला हसू आवरेना, पण घड्याळ दिसत होतं. लटारू दाराकडे सरकला तेव्हा जुन्या लाकडी फळ्या वाजल्या नाहीत. आमच्या पायांखाली त्या रोज कुरकुरतात. मी ह्यांना म्हटलं, "हाच तो. खात्री हवी तर अंगठा घ्या, आता त्याला शाई चालते."

शाई आली. लटारूने अंगठा असा टेकवला, जणू कागदाला दुखेल. ह्यांनी भिंग घेतलं, जुना अंगठा बघितला, नवा बघितला, पुन्हा जुना. तेवढा वेळ वच्छलाने माझा हात घट्ट धरला होता. मग हे खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "अरे, तू इतका तरुण आहेस होय!"

रक्कम मिळाली. लटारूने ती मोजली नाही. सरळ वच्छलाच्या हातात दिली आणि तिने पदरात गाठ मारली. देवाजीच्या भावाची सायकल बाहेर होती. देवाजी लटारूला मागे बसवून जंगलखात्याच्या कचेरीत घेऊन गेला. पैसे वच्छलाच्या पदरातच राहिले हे दोघांना गावाबाहेरच्या चिंचेच्या झाडापर्यंत कळलं नाही. मग तेवढ्याच वेगाने परत. संध्याकाळपर्यंत पावती हातात होती. पट्टा राहिला.

दुसऱ्या दिवशी लटारू पुन्हा आला, वच्छलाला घेऊन. आपलं नाव बघायचं म्हणाला. ह्यांनी लेजर उघडून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तांबड्या रेघेवर त्याचं बोट बराच वेळ थांबलं. त्याच्या गावात बँकेत खातं असलेला तो एकटा होता. पाण्यावर आणि झाडांवर आयुष्य गेलेल्या माणसाचं कागदावर एवढंच नाव होतं.

"पुन्हा उघडून देतो," हे म्हणाले. "नवं खातं. आजच."

लटारूने मान हलवली. "श्रावन येते जी पुन्हा. तुमी पत्र धाडसान, मी घेनार नाई. हिच्या नावानं करा."

वच्छला मागे सरली. "माझ्या? मले काय येते त्यातलं?"

"भांडाले तर येते," लटारू म्हणाला. "सायेबासंग बी भांड."

ह्यांनी नवा अर्ज पुढे ओढला. नाव लिहिलं. धंदा विचारला, तेव्हा वच्छला मला विचारू लागली की भाकरी पोचवणं धंद्यात धरतात का. लटारूने टोपलीतून आणलेले दोन कोश माझ्या ओंजळीत ठेवले. हलवले की आत काहीतरी टकटकत होतं. तो उन्हात, दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसला आणि बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागला.

"पत्ता?" ह्यांनी विचारलं. "पत्र कुठे धाडायचं? आणि तुम्ही कधी असता तिथे?"

वच्छलाने शाईने भरलेला अंगठा जपून वर धरला होता.

"मी घरीच असतो जी," ती म्हणाली. "केव्हाई या."