सायकलच्या पंपाने वाचवलेला कार्बोरेटर

मुलांनो, एकोणीसशे साठच्या सुमारास तुमच्या आजोबांकडे दोन माणसांपुरती एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. एकदा ती अकोल्याच्या रस्त्यावर बंद पडली आणि आम्ही ती ओढत अमरावतीला आणली.

राजापेठेतल्या मिस्त्रींनी इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्बोरेटर उघडला. तो कचऱ्याने तुंबला होता. "फेका हा, साहेब. जीपचा बसवून देतो."

आजोबांचा चेहरा उतरला. गाडीचा एकही मूळ भाग त्यांनी तोवर बदलू दिला नव्हता. त्यांनी फारच विनवल्यावर मिस्त्रींनी पेट्रोलचं बारीक छिद्र मोकळं करायला तार उचलली. मी गाडीचं इंग्रजी पुस्तक उघडून बसले होते.

"थांबा! तारेनं छिद्र मोठं होतं, हवेनं साफ करा, असं लिहिलंय."

"बाई, पुस्तकाले अमरावतीची धूळ मालूम हाय काय?"

"धूळ माहीत नसेल, पण कार्बोरेटर पुस्तकवाल्यांनीच बनवलाय."

मिस्त्री हसले. हवेचं यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी सायकलचा पंप लावला. चार-पाच दाबांनंतर काळा कचरा उडाला. तोच कार्बोरेटर परत बसवला आणि गाडी सुरू झाली.

मिस्त्री हात पुसत माझ्याजवळ आले. "आता वाचा बाई, बिरेकचं काय लिवलं हाय?"