कोरडं तपासलेलं हाड

पौष महिन्यात आमच्या गल्लीत सकाळ होतच नाही. दूध येतं, वर्तमानपत्र येतं, पण उजाडत नाही. मानक नगरच्या रेल्वे वसाहतीतली झाडं धुक्यात नुसती अंदाजाने असतात, आणि अमौसीच्या विमानतळावर उतरायला आलेली विमानं डोक्यावर घिरट्या घालत राहतात; ऐकू येतात, दिसत नाहीत. माझा मित्र चंद्रकांत अशा वेळी अंगणात खुर्ची टाकून बसतो, तेव्हा फाटकातून त्याची फक्त माकडटोपी दिसते. त्याच्याबद्दल थोडं लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. जमेल की नाही, कोण जाणे.

तो मूळचा वर्ध्याचा. इकडे उत्तरेत रेल्वेच्या संशोधन संस्थेत आम्ही बरोबरच लागलो, आणि निवृत्तीनंतर दोघेही वसाहतीला लागून असलेल्या या गल्लीतच राहिलो. मी नकाशे काढायचो, तो चाचणी विभागात होता. रुळाखाली घालायचं रबर, स्प्रिंगा, बोल्ट त्याच्या टेबलावर यायचे. तो ते दाबायचा, ताणायचा, तोडायचा आणि मग सांगायचा, पास किंवा नापास. त्यावर कोणी वाद घालत नसे.

निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. व्हरांड्यातल्या टेबलाला त्याने वस्तू आवळून धरायचा लोखंडी व्हाइस बसवला. कपड्यांची दोरी, कुकरचं हँडल, प्लास्टिकची खुर्ची, कोणतीही नवी वस्तू त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय घरात जात नाही. त्याची बायको मंजिरीवहिनी म्हणतात, मला बघायला आले तेव्हा यांच्याकडे व्हाइस नव्हता, म्हणून वाचले.

रेवडी त्यांना आलमबागला मेट्रोच्या खांबाखाली सापडली, कुत्रीचं एवढंसं पिल्लू. पांढरं अंग आणि त्यावर तिळासारखे ठिपके, म्हणून रेवडी. मुलगा बेंगळुरूला, नात फोनवर आजीला हिंदीत उत्तरं देते. वहिनी मात्र रेवडीशी दिवसभर मराठीत बोलायच्या आणि ती मान वाकडी करून ऐकायची. इथे माझं एवढं ऐकणारी ही पहिलीच, असं त्या चंद्रकांतला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. तो हसायचा नाही, पण त्याच्या मांडीवर रेवडी झोपली की पाय बधिर होईतो उठायचाही नाही.

तिला दात येत होते. चपला, टेबलाचे पाय, चंद्रकांतची मोजपट्टी, सगळं तिने चावून ठेवलं. मग वहिनींनी बाजारातून कुत्र्यांनी चघळायची हाडं आणली. हाडं म्हणायची एवढंच, वाळलेलं चामडं गुंडाळून दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या. मी तिथेच चहा पीत होतो. चंद्रकांतने त्यातलं एक व्हाइसमध्ये आवळलं, हातोडी मारली, पकडीने ओढलं, कडांवरून बोट फिरवून कुठे टोक निघतंय का पाहिलं. काही तुटलं नाही, काही निघालं नाही. तो पास म्हणाला, आणि रेवडीने ते हाड असं अलगद उचललं, जणू कुणी तिला जपायला दिलं होतं.

मग एका सकाळी वहिनी अंगणात मटार सोलत होत्या. पायाशी पोत्यावर रेवडी हाड चघळत होती. वर एक विमान फिरत होतं, खूप खाली आल्यासारखं, आणि दिसत नव्हतं. वहिनी वर बघत राहिल्या. आवाज दूर गेला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. रेवडी उभी होती, मान ताणलेली, पंजाने तोंड ओरबाडत होती, आणि तिच्या घशातून काहीच आवाज येत नव्हता.

चंद्रकांतने स्कूटर काढली. वहिनी मागे तिला शालीत धरून बसल्या. मी फाटकात होतो. ते दोघं धुक्यात शिरले आणि पुसले गेले. डॉक्टरकडे पोचेपर्यंत ती गेली होती. डॉक्टरांनी घशातून गाठ काढून दाखवली, फुगलेली, पांढरी, बुळबुळीत. लाळेने हे मऊ होतं, म्हणाले, मग तुकडा सुटतो आणि पिल्लं तो अख्खा गिळतात.

त्यानंतर वहिनी जो भेटेल त्याला एकच सांगायच्या, मी वर बघत होते. दूधवाल्याला, शेजारणींना, फोनवर मुलाला. त्या अंगणात यायच्या बंद झाल्या. कुणी म्हणे, जाऊ द्या भाभीजी, आपली काय चूक. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच सांगायच्या. चंद्रकांत जवळच बसलेला असायचा, गप्प. त्या एकट्याच ते ओझं घेऊन म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, आणि ते त्यालाही दिसत असणारच.

एका दुपारी त्याने मला बोलावलं. चाचणीला दुसरा माणूस लागतो, एवढंच म्हणाला. अंगणात स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी होतं आणि त्यात पुड्यातलं उरलेलं हाड. त्याने वहिनींना हाताला धरून बाहेर आणलं. त्या पातेल्याकडे बघेनात. त्याने हाड बाहेर काढलं. ते हाड राहिलंच नव्हतं. त्याने चिमटीत धरलं तर गाठ सुटून बोटांतून निसटली आणि पुन्हा पाण्यात पडली.

"मंजिरी, मी हे कोरडं तपासलं," तो म्हणाला. "रबर आम्ही भिजवून तपासायचो. पावसात रूळ भिजतात म्हणून. जन्मभर केलं ते. आणि कुत्र्याचं तोंड ओलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

वहिनींनी आता पातेल्यात वाकून पाहिलं.

"मी बघत असते तर?"

"तर कदाचित लवकर कळलं असतं. ती वाचली असती का, मला सांगता येत नाही. पण ते तिच्या तोंडापर्यंत माझ्या शब्दाने गेलं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"डॉक्टरांनी गाठ दाखवली तेव्हाच."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही. वहिनी रडल्या नाहीत. पदराने त्याचे ओले हात पुसले, एकेक बोट, जरा जोरातच.

"गल्लीभर मी माझं सांगत फिरले, आणि तुम्ही ऐकत बसलात," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही चला. पाच-सहा घरांत कुत्री आहेत. हेच आणतात सगळे."

"मला बोलता येत नाही तसं."

"मी आहे ना."

तो पातेलं घेऊन निघाला, पाणी सांडू नये म्हणून अगदी हळू. वहिनी बाजूने, त्याचं कोपर धरून. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. पहिल्या फाटकाशी पोचेपर्यंत ते मला दिसेनासे झाले. कडी वाजली. मग वहिनींचा आवाज आला, "भाभीजी, ज़रा इनकी बात सुन लीजिए." मग काहीच नाही, इतका वेळ की वाटलं तो परत फिरला असेल. आणि मग चंद्रकांत बोलायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज त्याचाच होता, आणि तो थांबत नव्हता.