मंठा रोडवर पायी चालता येत नाही

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सांगितलं, रोज चाला. हृदयाच्या एका नळीत जाळी बसवून झाली होती. दुसऱ्या नळीचं काय करायचं ते पुढच्या तपासणीत ठरणार होतं. चाललात, वजन उतरवलंत तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर छाती उघडावी लागेल, असं ते भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले. ह्यांनीही त्याच चालीवर मान डोलवली. घाबरले ती मी. घरात आम्ही दोघंच, त्यातलं एक गेलं तर मागं काय उरतं हा हिशोब मला बराबर येत होता.

आमची लेक पुण्यात असते. ती दर रविवारी डोंगर चढते, तेही पैसे भरून. वर देव कोणता आहे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, देव नाही आई, व्ह्यू आहे. तिनं बापासाठी पांढरे बूट पाठवले आणि माझ्या मोबाइलमध्ये चालायच्या वाटा दाखवणारं ॲप टाकून दिलं. वाट किती लांब, चढ किती, सावली आहे का, सगळं त्यात कळतं. मी जालना टाकलं. त्यानं वेरूळ दाखवलं.

मग वाट आम्हीच निवडायची ठरलं. लेक फोनवर म्हणत होती, चढ बघ, सावली बघ. तिला काय सांगावं? आमच्याकडं बघायचं एकच होतं, त्या वाटेनं ओळखीचं कोण कोण जातं.

कारण ह्यांनी उभा जन्म जालना-मंठा काळीपिवळी जीप चालवली. रस्त्यात पायी माणूस दिसला की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असायची, तरी हे मागं वळून म्हणायचे, "सरका जरा." आणि लोक सरकायचे. सरकून कुठं जायचे ते मला कधी कळलं नाही. पायी चालणारा म्हणजे अडचणीतला माणूस आणि अडचणीतल्या माणसाला गाडीत घ्यायचं, हा ह्यांचा धर्म. त्यांच्या गाडीत बसून बसून अख्ख्या मंठा रोडचाही तोच धर्म होऊन बसला होता.

पहिल्या दिवशी हे नवे बूट घालून मंठा रोडनं निघाले. मी चहाचं आधण ठेवतेय तोवर दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून दारात उतरले.

"एवढ्यात?" मी विचारलं.

"अगं, थांबला तो. म्हणला, मामा, पायी कामून?"

"मंग सांगायचं ना, फिरायला निघालो म्हणून."

"थांबलेल्या माणसाला न्हाई म्हणावं कसं? बरं दिसतं का ते?"

बुटाला मातीसुद्धा लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका गुरुजींची स्कूटर थांबली, तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी जावयाची कार. पुढच्या आठवड्यात तर कहर झाला. सकाळी फिरायला गेलेल्या माणसाचा फोन आला, "मी मंठ्यात हाय. बियाण्याची गाडी थांबली होती. चहा पेऊन राह्यलो."

"साखर घातली का चहात?"

"थोडीच हाय," म्हणाले. "तू काळजी करू नको, येताना गाडी मिळंल."

गाडी मिळणार ह्याचीच मला काळजी होती.

म्हणून मी सोबत जायला लागले. तर आगीतून फुफाट्यात. एकटे मामा पायी म्हणजे गाडी बिघडली असेल, पण मामा-मामी दोघं पायी म्हणजे घरात काहीतरी झालं. एक जीप करकचून थांबली आणि आतून हलक्या आवाजात विचारणा झाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, जाऊ नये म्हणूनच चाललोय, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. जीपवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग बसा की. कुठं चालायचं तिथवर सोडतो."

मोती तलावावर गाड्या येत नाहीत म्हणून तिकडं जाऊन बघितलं. तिथं बाकडी आहेत. प्रत्येक बाकड्यावर ह्यांचा कोणीतरी जुना प्रवासी बसलेला. पहिल्या बाकड्यानं "या मामा, टेका" म्हटलं आणि हे टेकले. उठले ते दुसऱ्या बाकड्यावर टेकले. अशी त्यांची तलावाला फेरी झाली.

शेवटी मी घाणेवाडीची वाट काढली. तिथल्या तलावाच्या मागच्या अंगानं एक मुरमाड पायवाट टेकाडावर चढते. दोन्हीकडं बोरी-बाभळी, खाली पाणी, लांबवर लोखंडाच्या कारखान्यांचा धूर. माणूस नाही. आमच्या गल्लीतला रिक्षावाला आम्हाला डांबरी रस्त्यावर सोडायचा आणि नंतर घ्यायला यायचा. चालायसाठी रिक्षाचा खर्च, पण हे चालायचे तरी. महिनाभरात ह्यांचा सदरा ढिला झाला. मी मनातल्या मनात खूश होते.

हे मात्र सारखे मागं वळून बघायचे.

"हितं कोणीच येत न्हाई का?"

"म्हणून तर आलो इथं."

"बरं न्हाई अशी वाट. माणसानं माणूस दिसंल अशा वाटेनं जावं."

"तुम्हाला जगायचं हाय का गप्पा हाणायच्या?" मी म्हणाले. त्यावर ते पुढं चालायला लागले.

एक दिवस चढावर हे मध्येच दगडावर बसले. मला वाटलं रुसले. मी चार पावलं पुढं जाऊन थांबले, मग वळून बघितलं. हवा गार होती आणि ह्यांचा सदरा घामानं ओला झाला होता. हात छातीवर होता. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी त्यांच्या जिभेखाली ठेवली. रिक्षावाल्याला फोन लावला, तो उचलेना. हाका मारून बघितल्या. हाकेला यायला तिथं कोणी असायला तर पाहिजे. अशी जागा मी शोधून शोधून काढली होती.

मी डांबरी रस्त्याकडं पळाले. साडीत, ह्या वयात, जमेल तशी पळाले. एक कार आली, मी हात केला, ती काचा वर घेऊन निघून गेली. एका मोटारसायकलवाल्यानं बघितलं आणि तोही गेला. मंठा रोडवर मी ह्याच हातानं लोकांना पुढं जा, पुढं जा करत होते. आता तो हात वर करून मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

मग एक काळीपिवळी आली. खचाखच भरलेली, मागं दोघं लटकलेले. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा नव्हता. मी काही बोलायच्या आधीच त्यानं गाडी उभी केली. लटकलेले दोघं माझ्यामागं पळत आले, ह्यांना काखेत हात घालून उचललं आणि खाली आणलं. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "सरका जरा."

लोक सरकले. सीटवर ह्यांना आडवं व्हायला जागा झाली, त्यांचं डोकं घ्यायला मला जागा झाली. गाडी निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. चार-पाच माणसं, एक म्हातारी आणि तिचं गाठोडं, रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होती. सरकून माणसं कुठं जातात ते मला त्या दिवशी कळलं.

ह्यांनी डोळे उघडून एकदाच विचारलं, "गाडी कोणाची हाय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

वेळेत पोचलो म्हणून वाचले. दुसऱ्याही नळीत जाळी बसली, छाती उघडावी लागली नाही. घरी सोडताना डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, रोज चाला.

आता आम्ही मंठा रोडनं चालतो. हे शेवटी एक वाक्य शिकले आहेत, "न्हाई बाबा, फिरून राह्यलो." गाडीवाल्याला पटत नाही, पण तो जातो. कोणी फारच आग्रह केला तर मी त्यालाच खाली उतरवते आणि गाडी ढकलत चार पावलं सोबत चालायला लावते. लेक विचारते, आई, त्या रस्त्यावर सावली नाही, चढ नाही, बघायला काही नाही, तुम्ही तिथं कशाला चालता? मी म्हणते, असू दे.

परवा अर्धी वाट झाली तरी कोणी थांबलं नव्हतं. "आज काय झालं लोकांना?" हे म्हणाले. मीही दोनदा मागं वळून बघितलं. मग पाठीमागं एक मोटारसायकल हळू झाली.

"मामा, पायी कामून?"

आणि माझ्या जिवात जीव आला.