काकाजींनी रुंदावलेला जबडा

अर्जुनी मोरगावच्या बाजाराच्या दिवशी एस.टी.च्या दारात माणसं लोंबकळतात, तसे माझे दात वरच्या जबड्यात लोंबकळत होते. जबडा इतका अरुंद की एक घास चावून होईस्तोवर पुढचं धानाचं पीक कापणीला यायचं. माझ्या घोरण्यानं केशोरीच्या जंगलातला बिबट्या वाट बदलायचा, हे गावात सगळे मान्य करतात. जे करत नाहीत ते बहिरे आहेत.

नागपूरच्या सर्जननी जो उपाय केला, तो खुनाच्या कलमात बसला असता. आधी टाळूचा स्कॅन काढला. तिच्या चढउतारांवर बेतून माझ्या एकट्यासाठी टायटॅनियमच्या पट्ट्या घडवल्या. मग मला भूल देऊन वरचा जबडा छिन्नी-हातोडीनं मधोमध फोडला, दोन्हीकडच्या हाडात पट्ट्या ठोकल्या आणि मधे एक आडवा स्क्रू बसवला. तोंड असं सुजलं की माय मला ओळखेना. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाच पेज भरवत बसली. त्यानंही खाल्ली.

"आठवड्यानंतर किल्लीनं हा स्क्रू रोज थोडा फिरवायचा, म्हणजे दोन्ही भाग हळूहळू लांब सरकतील," डॉक्टर म्हणाले. "बारा दिवस. तेरावा नाही. मग हाड भरेपर्यंत हात लावायचा नाही. खरा निकाल काही वर्षांनी लागेल. जबडा परत आकसला, तर पुन्हा फोडावा लागेल."

पुन्हा फोडणे! माझी तर चड्डीच ओली व्हायची बाकी होती.

किल्ली काकाजींकडे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाकडे गेली. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, आणि गावच्या तलावाची पाळ आजही काकाजीच दुरुस्त करतात. न थरथरणारा हात घरात तेवढा एकच.

रोज सकाळी दोन चुलतभाऊ माझ्या पायांवर बसत, माय डोकं दाबून धरी आणि काकाजी किल्ली फिरवत. हाड करकरे. कळ नाकाच्या मुळातून डोळ्यांमागे जाऊन फुटे. मी रक्त थुंके आणि काकाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, ज्या माझ्याही सात पिढ्याच होत्या. पुढच्या दोन दातांत इतकी फट पडली की बिडी उभी राहावी.

बारा दिवस संपले. तेराव्या सकाळी काकाजी पुन्हा किल्ली घेऊन हजर.

"काकाजी, बारा झाले!"

"मले मोजता येते. चूप पड."

"डॉक्टर नाही म्हणला ना!"

"डॉक्टरनं कधी पाळ बांधली का बे? नवी पाळ हातभर उंचच ठेवा लागते. पयल्या पावसात माती बसते. तुया जबडा बी बसन. चार दिवस जास्त फिरवतो."

मी लाथ घातली. काकाजींचा ओठ फुटला. त्यांनी माझ्या छातीवर गुडघा रोवून दोन थोबाडीत दिल्या. मी एका भावाच्या बोटाला कडकडून चावलो, पण बोंबललो मीच. कपाट पडलं, आरसा फुटला, गोठ्यातला बैल दावं तोडून थेट चिचगडला पोचला म्हणतात. अशी चार दिवस लढाई झाली आणि चारही दिवस मी हरलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी माझं तोंड उघडलं आणि टेबलावर मूठ आदळली.

"कुणी फिरवला जास्त? हिरडी फाटली आहे. हा दात गेला तर जबाबदार कोण?"

"मी," काकाजी म्हणाले. "पण जबडा मांगं नाही येणार."

हाड भरल्यावर पट्ट्या निघाल्या, तारांनी दात सरळ झाले. मी घोरणं सोडलं. दरवर्षी जबडा मोजायला नागपूरला जायचो. काकाजी न चुकता सोबत.

यंदा सातवं वर्ष. डॉक्टरांनी जुने साचे आणि नवे साचे शेजारी ठेवून मोजले.

"टिकला. पहिल्या वर्षी किंचित मागे आला, त्यानंतर केसभरही नाही. आता फोडायची भीती नाही."

काकाजींनी मांडीवर थाप मारली. "बसली ना माती! मी जास्त फिरवला म्हणून वाचला."

"तेवढं मागं येणं आम्ही बारा दिवसांतच धरलं होतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तुमच्या चार दिवसांनी फक्त हे केलं." त्यांनी पुढे केलेल्या एक्स-रेत पुढचा दात दिसत होता. त्याच्या मुळाभोवती हाडच उरलं नव्हतं. "हा काढावा लागेल."

काकाजी उठून चालू लागले. बाहेर पायऱ्यांवर एकाएकी माझ्यासमोर उभे राहिले.

"मार मले."

"काय?"

"तोंडावर मार. दात पडन असा मार. काऊन पाहून राहिला? मार ना बे!"

मारली. त्या एका झापडीनं काकाजी उडून रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर पडले, असं मी गावात सांगतो, आणि काकाजीही मान डोलावतात. खरं म्हणजे हात गालापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्यांची वाढलेली दाढी तळव्याला टोचत होती.

"याले मारणं म्हणते का बे?" काकाजी म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.