वडापावची अमेरिकन रांग

माझी नणंद आणि धाकटे दीर दोघंही अमेरिकेत असतात, वेगवेगळ्या राज्यांत. दोघंही तिथले नागरिक झालेत, दोघंही न चुकता मत देतात आणि ती मतं दोन विरुद्ध पक्षांना जातात. एवढ्यावर काही बिघडलं नसतं. पण घरच्या ग्रुपवर एकानं काही टाकलं की दुसरं लगेच त्याला उत्तर म्हणून काहीतरी टाकायचं, आणि तासाभरात गाडी 'तुझी अक्कल कुठे गेली' इथवर यायची. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. माझ्या सासऱ्यांना दोघांचेही फोन यायचे, पण शनिवारी लेकीचा आणि रविवारी लेकाचा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, नेकारसुल्मला आले होते. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. उभा जन्म लोकांच्या शेतांचे बांध मोजण्यात गेलेला, त्यामुळे भाऊबंदकी त्यांनी भरपूर पाहिली होती. पण ती आपल्याच घरात, तीही दुसऱ्या देशाच्या राजकारणावरून होईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

जुलैत आमच्या गावाचा श्टाटफेस्ट, म्हणजे गावजत्राच म्हणा, होता. आम्ही सातआठ मराठी कुटुंबांनी मिळून वडापावचा स्टॉल लावला. माझा नवरा कढईवर, मी पाव कापायला आणि सासरे चटणीला. पांढरी टोपी आणि माझा फुलाफुलांचा एप्रन घालून ते प्रत्येकाला 'तिखट, व्हेरी तिखट' असं बजावत होते. दुपारी दोनला रांग थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली. बटाटे संपले, पुन्हा आणून उकडेपर्यंत लोक शांतपणे उभे राहिले. जर्मन माणूस रांगेत खरंच छान उभा राहतो. ती गर्दी कुणीतरी पायऱ्यांवरून फोनवर टिपत होतं, पण तिकडे बघायला आम्हाला वेळ नव्हता.

तीन आठवड्यांनी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होते, तेवढ्यात नणंदेनं ग्रुपवर व्हिडिओ टाकला. लांबच लांब रांग, लेकुरवाळ्या बायका, काठी घेतलेले म्हातारे. खाली लिहिलेलं, 'आमच्या राज्यात कष्टकरी माणसांवर अन्नासाठी रांगेत उभं राहायची पाळी आणली यांनी.' मला खरंच वाईट वाटलं. हळहळ म्हणून काहीतरी लिहायलाही लागले होते, तेवढ्यात व्हिडिओतल्या टेबलावरच्या कापडाकडे लक्ष गेलं. ती आमच्या पाहुण्यांच्या खोलीतली चादर होती.

मी हसू आवरत होते तोवर दिरांचाही मेसेज आला. तोच व्हिडिओ, वेगळा मजकूर. 'आमच्या करातून परक्यांना फुकट जेवण, बघा.'

संध्याकाळी घरी येऊन सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी तो दोनदा लावून बघितला.

"एप्रन मला जरा घट्टच होतोय," ते म्हणाले.

"बाबा, ग्रुपवर लिहून टाकू का मी?"

"नको. लिहिलंस तर दोघं आपापल्या घरी बसून खजील होतील आणि गप्प बसतील. बांधाचं भांडण असलं की मी दोन्ही भावांना एकाच वेळी बांधावर बोलवायचो."

रविवारी दुपारी त्यांनी दोघांना एकाच कॉलवर घेतलं. 'मला एक गोष्ट कळत नाहीये, दोघांनी मिळून समजावा,' एवढंच सांगितलं. बापानं विचारलं म्हणून दोघं आले, पण कॅमेऱ्यात एकमेकांकडे बघेनात. सासऱ्यांनी व्हिडिओ लावला.

"हे लोक कोण?"

"उपाशी लोक आहेत, बाबा," नणंद म्हणाल्या. "नोकऱ्या गेलेले."

"उपाशी कसले? फुकटे आहेत," दीर म्हणाले. "बाबा, तिला काही माहीत नाही."

दहा मिनिटं दोघांनी आपापली बाजू मांडली. आकडे होते, कुणाकुणाची भाषणं होती. सासरे मन लावून ऐकत होते. मग त्यांनी व्हिडिओ एका जागी थांबवला.

"आणि हा टोपीवाला म्हातारा?"

"असेल कुणीतरी स्थलांतरित," दीर म्हणाले. "वाढायला ठेवलेला."

"एप्रन बायकांचा का घातलाय त्यानं?"

"तिथे मिळेल ते घालतात, बाबा."

"अरे, मी आहे तो," सासरे म्हणाले. "आणि फुकट नव्हतं. वडापाव होता."

पलीकडे दोघंही पडद्याजवळ सरकले. आधी नणंद हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दीर मात्र चिडले, माझा नवरा मुद्दाम गप्प बसला म्हणाले. मग म्हणाले, "ताई, तू तरी ओळखायचं. तू मोठी ना?"

"मी फक्त मजकूर वाचला," नणंद म्हणाल्या. "तू?"

"मीही तेवढंच."

आठ महिन्यांत ते पहिल्यांदाच एकमेकांशी थेट बोलत होते. पुढचा अर्धा तास वडा फुटत कसा नाही यावर गेला. सासरे मध्येच उठून चहा ठेवायला गेले. त्यांचं काम झालं होतं.

मी पण त्या दिवशी कबूल केलं की दहा सेकंद मीही फसले होते, आणि तेही स्वतःच्या चादरीकडे बघत.

आता सगळं आलबेल आहे असं नाही. मतं आहेत तिथेच आहेत आणि निवडणूक आली की आवाज चढतात. पण परवा दिरांनी एक व्हिडिओ आधी एकट्या ताईंना पाठवला. खाली विचारलं होतं, 'यात आपल्यापैकी कुणी दिसतंय का?' ताईंनी तो नीट बघितला आणि कळवलं, 'नाही. पण पुलाखालच्या गाड्या डावीकडून चालल्यात, म्हणजे अमेरिका नाही.' तो व्हिडिओ ग्रुपवर आलाच नाही.